नकाशातला मळा आणि तक्त्यातलं पाणी

एका कालव्याच्या अगदी शेवटाला एक गाव होतं. कालव्याच्या शेवटाला तिकडे टेल म्हणतात. वरच्या सगळ्यांचं भागल्यावर जे उरेल ते टेलला मिळतं, म्हणून तिथली माणसं पाण्याच्या बाबतीत फार हळवी असतात. कुणाची पाळी कधी आणि किती वेळ, यावरून पूर्वी त्या गावात खोरी उगारली जात. शेवटी गावानं शहाणपणानं एक पाणी वापर संस्था काढली आणि देवगोंडा पाटलांना तिचे अध्यक्ष केलं. सगळे त्यांना आण्णा म्हणत.

आण्णा वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर चिडणार आहे. चारीतला, म्हणजे कालव्याचं पाणी शेतांकडे नेणाऱ्या पाटातला, गाळ काढायचा असला की ते स्वतः धोतर खोचून खाली उतरत. दुसऱ्याच्या पाण्याला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांना नाद होता तो एकच. आपली संस्था सगळ्या तालुक्यात पुढे दिसली पाहिजे. ती पुढे असण्यापेक्षा पुढे दिसण्यावर त्यांचा जीव जास्त होता.

संस्थेचा नियम साधा होता. ज्याचं जेवढं शेत, तेवढा वेळ त्याला पाणी. पण शेत केवढं, हे ठरवायचं कुणी? तेव्हा आण्णांनी संगणक आणला आणि त्यावर सुकन्याला बसवलं. सुकन्या गावचीच सून. नकाशांचं शिक्षण घेतलेली, हुशार पोरगी. तिनं गावातल्या एकूण एक शेताची हद्द संगणकात आखली. एका तक्त्यात शेतांच्या आकृत्या ठेवल्या, दुसऱ्यात मालकांची नावं, आणि गट नंबरानं दोन्ही तक्ते एकमेकांना बांधले. गट नंबर सांगितला की पडद्यावर शेत उजळायचं आणि शेजारी पाळीचा वेळ उमटायचा.

उमटायचा खरा, पण फार उशिरानं. कारण संगणक क्षेत्रफळ कुठे लिहून ठेवत नव्हता. विचारलं की मोजायला बसायचा. त्यात एकाचं शेत मोजून भागत नसे. पाणी सगळ्यांत वाटायचं, म्हणजे एकाचा वाटा काढायलासुद्धा चारीवरच्या सगळ्या शेतांची बेरीज हवी. एकानं पाळी विचारली की सगळं गाव मोजलं जायचं. त्याच्या मागच्यानं विचारली की तेच गाव पुन्हा पहिल्यापासून. मधल्या काळात कुणाचा बांध तसूभर हललेला नसे, तरी मोजणी आपली चालूच. संस्थेच्या दारात रांग लागू लागली आणि रांगेतली माणसं कुरकुरू लागली.

“सुकन्या, लोकं पाण्याची दारं धरायची सोडून हितं बसल्यात,” आण्णा म्हणाले. “कायतरी कर बाई.”

सुकन्यानं दोन गोष्टी केल्या. पहिली अशी, की प्रत्येक शेताचं क्षेत्रफळ एकदाच मोजून त्या शेताशेजारी लिहून ठेवलं आणि सगळ्यांची बेरीजही लिहून ठेवली. आता कुणी विचारलं तर मोजायचं काम उरलं नाही, नुसतं वाचायचं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची होती. तिनं संगणकाला एक नियम घालून दिला. एखाद्या शेताची हद्द बदलली की तेवढं एकच शेत पुन्हा मोजायचं, जुना आकडा पुसून नवा लिहायचा, आणि बेरजेत तेवढाच फरक घालायचा. बाकीच्या शेतांना हात लावायचा नाही. हे काम तिनं कुणाच्या आठवणीवर सोडलं नाही. हद्द साठवली की नियम आपोआप चालायचा.

“आण्णा, लिहून ठेवलेला आकडा हद्दीच्या मागं चालला पाहिजे,” तिनं बजावलं. “हा नियम चालू आहे तोवरच त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा.”

“व्हय, व्हय,” आण्णा म्हणाले. पण त्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. उत्तर चुटकीसरशी आलं होतं आणि ते खूश झाले होते.

आता गौराक्काकडे येऊ. टेलच्या गावातही ज्याची पाळी सगळ्यांत शेवटी, असं एक शेत ओढ्याकाठी होतं. ते गौराक्काचं. नवरा वारल्यापासून ती एकटीच तिथं पानमळा करायची, आणि तिचं घर त्या मळ्यावरच चालायचं. पानवेल हे नाजूक पीक आहे. वेल लावा, तिला शेवरीचा आधार द्या, सावली धरा, बांधत बांधत वर न्या. मळा नीट उभा राहायला वर्षं जातात. पण ऐन उन्हाळ्यात पाणी चुकलं, तर काही दिवसांत सगळा मळा मान टाकतो.

गौराक्काचं एक जुनं दुखणं होतं. जुन्या नकाशात ओढा भलत्याच जागी काढलेला होता. त्यामुळे तिचं निम्मं शेत नकाशावर ओढ्याच्या पात्रात गेलं होतं. संगणकानं तोच नकाशा मोजला, म्हणून तिला पाणीही निम्म्याच शेताचं मिळायचं. ती निम्म्यात वेल लावायची आणि निम्मं पडीक ठेवायची.

“नवी मोजणी हुंदे अक्का, तुझं समदं निघंल,” असं आण्णा तिला सांगायचे, आणि ते अगदी मनापासून सांगायचे.

एकदाची नवी मोजणी झाली. गावाच्या सगळ्या हद्दी नव्यानं आल्या. रुंद केलेल्या रस्त्यात कुणाकुणाची जमीन गेली होती, काहींचे बांध सरकले होते, आणि ओढा आपल्या खऱ्या जागी गेला होता. नेमके त्याच सुमाराला आदर्श संस्थेच्या पुरस्कारासाठी पाहुणे तपासणीला यायचे होते. आण्णांच्या डोक्यात आलं, की पाहुण्यांच्या देखतच नव्या हद्दी संगणकात भरून दाखवायच्या. तालुक्यात असं कुणी केलेलं नव्हतं.

आदल्या दिवशी त्याची तालीम झाली आणि संगणक रखडला. रखडणारच. एकेक हद्द साठवताना सुकन्याचा नियम जागा होत होता, ते शेत मोजत होता आणि बेरीज दुरुस्त करत होता. तो आपलं काम इमानानं करत होता.

“पाव्हण्यांच्या म्होरं हे असं गोल फिरत बसलं तर माझी अब्रू जाईल,” आण्णा म्हणाले. “तो तुझा नियम बंद कर.”

“बंद करता येईल, आण्णा. पण हद्दी भरून झाल्या की सगळी शेतं एकदा मोजून घ्यायची आणि नियम पुन्हा चालू करायचा. ते राहून चालणार नाही.”

“पाव्हणं एकदा जाऊंदेत. मग तुला काय करायचं ते कर.”

इथवर कुणी काही चुकीचं केलं नाही. शेकडो हद्दी एकदम भरायच्या असतील, तर असा नियम थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि सगळं भरून झाल्यावर एका झटक्यात मोजून घ्यावं, ही जाणत्यांचीच रीत आहे. माझी तक्रार त्याच्यापुढे जे झालं त्याबद्दल आहे.

पाहुणे आले. नव्या हद्दी सरसर भरल्या गेल्या. आण्णांनी गौराक्काला मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. तिचा गट नंबर दाबला आणि पडद्यावर तिचं शेत उजळलं. पूर्वीपेक्षा दुप्पट.

“ह्या माउलीचं शेत इतकी वर्षं वड्यात बुडालं हुतं,” आण्णा पाहुण्यांकडे वळून म्हणाले. “आज ते आमच्या संस्थेनं भाईर काढलं.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गौराक्कानं पदरानं डोळे पुसले. पाहुण्यांनी तिचा फोटो काढला. पडद्यावर आकृतीच्या शेजारी पाळीचा वेळ जुनाच होता, निम्म्या शेताचा. तो सगळ्यांना दिसत होता आणि एकाही शहाण्यानं तो पाहिला नाही.

पुरस्कार मिळाला. गावात मिरवणूक निघाली, गुलाल उधळला गेला. दुसऱ्या दिवशी सुकन्यानं विचारलं, “आण्णा, सगळी शेतं मोजून घेऊ का? नियम अजून बंदच आहे.”

“करू की. घाई काय हाय? चालतंय न्हवं?”

चालत होतंच. आकडे चटकन येत होते. शिळा आकडा ताज्याइतकाच चटकन येतो, आणि पडद्यावर तो ताज्यासारखाच दिसतो. सुकन्यानं आठवड्यानं पुन्हा विचारलं. आण्णा सत्काराला निघाले होते, ते म्हणाले, “बघू.” त्यानंतर तिनं विचारलं नाही. मला तिचाही राग येतो. नियम तिनं घडवलेला, चालू करायची किल्ली तिच्या हातात, आणि काय बिघडलंय ते सगळ्या गावात तिला एकटीला ठाऊक. तरी ती परवानगीची वाट बघत गप्प बसली. त्याला ती नोकरीची शिस्त समजत होती. अशी शिस्त काय कामाची?

इकडे गौराक्का कामाला लागली होती. नकाशावर शेत पुरं निघालं, म्हणजे पाणीही पुरं मिळणार, असं ती धरून चालली. तिनं तरी का धरू नये? भर सभेत दाखवलं होतं. तिनं पडीक निम्मं नांगरून घेतलं, शेवरी लावली, जुन्या मळ्यातली चांगली कांडी निवडून नवी लावण केली. घरात होतं नव्हतं ते सगळं तिनं त्या मातीत घातलं.

उन्हाळ्याचं आवर्तन सुटलं. कालव्याला पाणी आलं आणि वरून एकेकाची पाळी होत होत गौराक्कापर्यंत पोचली. तिनं पाटाचं दार फोडलं. पाणी जुना मळा भिजवून नव्या लावणीच्या तोंडाशी आलं, आणि भीमू पाटकऱ्यानं वरून पाणी बंद केलं. पाटकरी म्हणजे घड्याळ बघून पाण्याची दारं उघडणारा-मिटणारा माणूस.

“आरं भीमू, निम्मं ऱ्हायलंय की माझं!”

“आक्का, मशीनमधी तुज्या नावावर एवडंच हाय. मी काय करू?”

गौराक्का खोरं टाकून तशीच चिखलाच्या पायांनी संस्थेत गेली. आण्णा तिथंच होते. तिनं सुकन्याला गट नंबर सांगितला. पडद्यावर तिचं पुरं शेत उजळलं. तिनं त्याच्या खालच्या अंगावर बोट ठेवलं.

“ही वड्याकडची बाजू माझी हाय का न्हाई?”

“तुझीच की,” आण्णा म्हणाले.

“मग नकाशात हाय, ती पाण्यात का न्हाई?”

आण्णांनी सुकन्याकडे बघितलं. सुकन्या मान खाली घालून म्हणाली, “हद्दी नव्या भरल्यात आणि आकडे जुनेच आहेत, आण्णा. ज्यांची जमीन रस्त्यात गेली, त्यांना अजून जुन्या जमिनीचं पाणी जातंय. अक्कांची वाढली, त्यांना वाढीव मिळत नाही.”

अध्यक्षाची परीक्षा होती ती हीच. चूक कळली होती, ती दुरुस्त करणारी समोर बसली होती, आणि जिचं नुकसान चाललं होतं ती दारात उभी होती. आण्णांनी काय करावं? “आत्ता मोजा,” एवढंच म्हणायचं होतं.

ते म्हणाले, “हंगामाच्या मधीच समद्यांच्या पाळ्या हलवल्या तर गाव माझ्या दारात ईल. आत्ताच तर पुरस्कार मिळालाय. त्यापरीस ह्या अक्काचा एकटीचा आकडा हातानं बदलून टाक. काम झालं.”

“असं होत नाही, आण्णा. बाकीच्यांचा जास्तीचा वेळ कमी झाल्याशिवाय यांना द्यायचं पाणी येणार कुठून?”

“सांगतो तेवढं कर.”

आणि तिनं केलं. संगणकानं मोजून काढायचा आकडा माणसानं हातानं खोडून लिहिला. गौराक्काच्या नावापुढे दुप्पट वेळ आला. बेरीज तिथंच राहिली, बाकीचे आकडे तिथंच राहिले. आण्णांनी पडद्यावर दाखवलं आणि गौराक्का हात जोडून घरी गेली. पुढच्या आवर्तनापर्यंत तिनं मळ्यातल्या आटत आलेल्या विहिरीच्या तळातलं पाणी घागरीनं काढून वेल जगवले. जुन्यांना थोडं, नव्यांना थोडं.

माझा जीव तळमळतो तो इथं. रस्त्यात ज्यांची जमीन गेली त्यांत आण्णांचंही एक शेत होतं. म्हणजे गौराक्काच्या पाण्यातलं काही पाणी त्यांच्या उसाला जात होतं. त्यांना हे ठाऊक होतं का? नव्हतं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. चोराला निदान माहीत असतं, की आपण चोरी करतोय. तो कधी तरी घाबरतो, कधी तरी पस्तावतो. ज्यानं पाहायचंच टाळलं, तो घाबरणार कशाला आणि पस्तावणार कधी? त्याला रात्री छान झोप लागते. वर त्याचे सत्कार होतात!

दुसरं आवर्तन सुटलं. वरच्या शेतांनी आपापला जुना वेळ पुरता वापरला. गौराक्काची पाळी आली तेव्हा तिच्या नावावर दुप्पट वेळ होता, आणि चारीत पाणी होतं जेमतेम निम्म्या वेळाचं. ते बघता बघता बारीक झालं. मग नुसता ओला चिखल राहिला. भीमू पाटकरी घड्याळ धरून उभाच होता.

“बंद न्हाई केलं गं आक्का,” तो म्हणाला. “तुजा येळ अजून हाय. पानीच सरलं.”

आधीच तहानलेला मळा या वेळी टिकला नाही. पहिल्यांदा नवी लावण गेली. ती वाचवायला गौराक्कानं जुन्या वेलांच्या तोंडचं पाणी काढून तिला घातलं होतं, म्हणून पाठोपाठ जुना मळाही गेला. पानं पिवळी पडली, देठातून गळाली, वेल शेवरीवरच काळे पडून वाळले. इतक्या वर्षांचा मळा असा एका उन्हाळ्यात उभ्याउभ्या गेला.

गौराक्का वाळलेल्या वेलांचा भारा घेऊन संस्थेत आली. ओरडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिनं तो भारा संगणकासमोर टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. आण्णांच्या समोर नुकताच चहा आला होता. त्यांनी वेलाला हात लावला, तर तो हातात मोडला. त्यांचा चेहरा उतरला.

“सुकन्या,” ते म्हणाले, “समदी शेतं मोज. किती बी वेळ लागूंदे. दिवस लागला तरी लागूंदे.”

सुकन्यानं मोजायला लावलं. सगळ्या हद्दी मोजल्या गेल्या, सगळे आकडे नवे झाले, हातानं लिहिलेला आकडाही पुसला गेला, बेरीज जुळली. मग तिनं आपला नियम चालू केला आणि हात मागे घेतले.

“झालं, आण्णा.”

“झालं?” आण्णांचा विश्वास बसेना. “एवढंच हुतं?”

“एवढंच होतं.”

कपातला चहा अजून निवला नव्हता. पूर्वी रांग लागायची ती प्रत्येकासाठी सगळं गाव नव्यानं मोजलं जायचं म्हणून. एकदाच मोजायला लागत होता तो एवढाच वेळ. पुरस्काराच्या दिवशी पाहुणे जेवायला बसले होते तेवढ्यात हे उरकलं असतं. मिरवणुकीचे ढोल आणायला माणूस गेला होता तेवढ्यात उरकलं असतं. एवढ्याशा कामासाठी एका बाईचा मळा वाळवला! मला ही गोष्ट सांगताना आजही हात आपटावासा वाटतो.

पुढचं आवर्तन नव्या आकड्यांवर सुटलं. वरच्या काहींचा वेळ कमी झाला, त्यांनी थोडी कुरकुर केली आणि गप्प बसले. कुणीही आण्णांच्या दारात आलं नाही. पाणी खाली उतरत उतरत टेलला पोचलं. गौराक्काच्या पाटाला ते काठोकाठ आलं. आण्णा मुद्दाम बांधावर येऊन उभे राहिले होते. पाणी पाहून त्यांना भरून आलं.

“बघ अक्का, आता बरोबर आलं. तुझ्या वाट्याचं पुरतं पाणी.”

गौराक्का खोऱ्याच्या दांड्यावर हात ठेवून उभी होती. पाणी वाळक्या वेलांच्या बुडाशी शिरलं आणि करड्या पाचोळ्याला उचलून पुढे निघालं.

“आलं खरं, आण्णा,” ती म्हणाली. “पर आता कुणाला पाजू?”

गौराक्कानं वाकून खोरं मारलं, आपल्या शेताचं दार मातीनं बुजवलं आणि पाणी शेजाऱ्याच्या शेताकडे फिरवून दिलं.

तात्पर्य: एकदा मोजून ठेवलेला आकडा जरूर वापरावा, रोज सगळं जग नव्यानं मोजत बसू नये. पण ज्यावरून तो मोजला ते बदलताक्षणी आकडाही बदलेल, असा बंदोबस्त आधी करावा, आणि चारचौघांत दिसण्यासाठी तो मोडला तर त्याच दिवशी पुन्हा चालू करावा. शिळ्या आकड्यावर न्याय वाटणारा माणूस मनानं कितीही चांगला असो, ज्याचं त्यानं वाळवलं त्याचा तो गुन्हेगारच.